खांबाआडच्या खुर्च्या

“पडद्याआड उभं राहून गाण्यापेक्षा तरी हे बरं नाही का, मादाम?”

विचारलं, आणि लव्हिनियाला आपलीच जीभ चावावीशी वाटली. पण शब्द सुटून गेला होता.

मादाम प्रेंटिस पियानोपाशी बसल्या होत्या. स्वरलिपीच्या जुन्या पुस्तकाचं एक फाटलेलं पान त्या डिंकानं चिकटवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पान जागेवर बसवलं, अंगठ्यानं दाबून धरलं.

“पुन्हा वाच,” त्या म्हणाल्या.

लव्हिनियानं हातातला कागद उलगडला.

“पुढच्या हंगामात कॉनवेल ऑपेरा हाउसमध्ये नायिकेची भूमिका. सहा प्रयोग. नाव, सेन्योरा लोला तोलेदो. जन्मगाव, हवाना.”

“खाली काय आहे?”

“खाली काही नाही. नेहमीच्याच अटी.”

“हं...”

१९३१ सालचा एप्रिल. बाल्टिमोर शहरातली काळ्या लोकांची वस्ती. शुक्रवारची दुपार. खाली चांभाराचं दुकान आणि वर मादामची खोली. खोलीत एक पियानो, दोन खुर्च्या आणि भिंतीवर फ्रान्समधल्या एका थिएटरचं पिवळं पडलेलं पोस्टर.

ऑपेरा म्हणजे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गाण्यातूनच बोललं जाणारं नाटक. आपल्या संगीत नाटकाचा लांबचा चुलतभाऊ म्हणा. फरक एवढाच, की तिथे गाणाऱ्याच्या पायाशी साठ-सत्तर वाजवणारे बसलेले असतात, आणि त्या सगळ्यांच्या वरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. तोही नुसत्या छातीच्या बळावर.

लव्हिनिया टॉलिव्हरचा आवाज पोचत होता. वय तेवीस. चार वर्षं ती मादामकडे शिकत होती. रंग उजळ, केस सरळ. अनोळखी माणसानं तिला स्पॅनिश समजावं, अशी. पण ती याच वस्तीतली, टपाल कचेरीत पत्रं निवडणाऱ्या एमॉस टॉलिव्हरची मुलगी. आणि त्या काळी काळ्या माणसाला कॉनवेल ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर जागा नव्हती. दारावर तशी पाटी नव्हती. दार फक्त उघडत नसे.

आता ते उघडत होतं. फेल्प्स नावाच्या एका एजंटानं लव्हिनियाला एका शाळेच्या सभागृहात ऐकलं होतं, आणि आठवड्याच्या आत हा कागद आला होता, एका नव्या स्पॅनिश नावासकट. उत्तर उद्या दुपारपर्यंत द्यायचं होतं.

“तुमच्यापुढे हा रस्ताच नव्हता,” लव्हिनिया म्हणाली. “तुमचा रंग...”

ती अडखळली.

“माझा रंग काळा आहे,” मादाम म्हणाल्या. “पुढे बोल.”

“...माझ्यापुढे आहे. मग मी का जाऊ नये?”

मादामनी पानाच्या कडेचा जास्तीचा डिंक पुसला.

त्यांचं खरं नाव ज्युनिया प्रेंटिस. वडील खाडीतून कालवं काढत. ज्युनिया चर्चमध्ये गायची, तेव्हा बाहेर बांधलेली घोडीसुद्धा कान टवकारते, असं लोक गमतीनं म्हणायचे. आवाज मोठा नव्हता. लोक म्हणत, तो लांब जातो.

चर्चमधल्या बायकांनी दोन उन्हाळे मासे तळून विकले आणि ज्युनियाला बोटीत बसवून पॅरिसला पाठवलं. तिथे ती दिवसा शिंप्याकडे काजं करायची आणि संध्याकाळी गाणं शिकायची. चार वर्षांनी मार्सेयच्या थिएटरात ती नायिका म्हणून उभी राहिली. पहिल्या प्रयोगानंतर लोकांनी तिला तेरा वेळा पडद्यापुढे बोलावलं. दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात कोळणींनी तिला नायिकेच्याच नावानं हाक मारली आणि पिशवीत एक बांगडा वरून टाकला.

मग ल्यों, नीस, ब्रसेल्स. सात वर्षं. अकरा मोठ्या भूमिका. प्रत्येक पोस्टरवर ठळक अक्षरांत ‘मादाम ज्युनिया प्रेंटिस’.

मग युद्ध आलं. थिएटरांत जखमींच्या खाटा लागल्या. ज्युनिया बोटीनं घरी परतली. वय अडतीस, आवाज ऐन भरात. आणि घरी तिला ऑपेरा गायला जागा नव्हती. चर्च होतं, शाळा होत्या, कुणाची लग्नं होती.

मग कॉनवेलच्या वाद्यवृंदाचा संचालक तिच्या दारी आला. हा फ्रेंच माणूस. त्यानं तिला ल्योंला ऐकलेलं होतं. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि बराच वेळ नुसतीच टोपी फिरवत राहिला.

त्यांच्याकडे एक ऑपेरा होता. शेवटच्या अंकात नायिका देवळाच्या पायरीवर कोसळते आणि तिच्या मेलेल्या आईचा आवाज येतो. आई रंगमंचावर येतच नाही. नुसता आवाज. चार मिनिटं.

“ते तुम्ही गाल का?” त्यानं विचारलं होतं. “...नाव छापता येणार नाही.”

ज्युनिया गायली. अकरा वर्षं.

हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. लव्हिनियालाही ठाऊक होतं, आणि तेच तिला खुपत होतं.

“अकरा वर्षं, मादाम!” ती म्हणाली. “मार्सेय गाजवून आलेली बाई, आणि मागच्या दारानं आत जायची. कार्यक्रमपत्रिकेत काय छापलेलं? ‘एक आवाज’. बस्स. लोक अजून सांगतात...”

“काय सांगतात?”

“...की तुम्ही रेशमी झगा घालून जायच्या. हातमोजे. गळ्यात मोती. आणि हे सगळं विंगेत, दोरखंडांत उभं राहायला. तिथे कोण बघणार होतं तुम्हाला?”

“हसतात?”

लव्हिनिया खाली बघत राहिली.

“हसू देत,” मादाम म्हणाल्या. “पहिल्या वर्षी दोर ओढणारे गडीही हसायचे.”

“मग का गेलात तिथे?”

“भूक लागली होती.”

“पैशाची?”

“वाद्यवृंदाची.”

मादामनी डिंकाच्या बाटलीला बूच लावलं.

“आपल्या चर्चमध्ये एक पेटी आहे. तिच्यावर माझा जीव आहे. पण साठ माणसं एका वेळी श्वास घेतात, तेव्हा पायाखालची फळी हलते. एकदा ती हलली की...” त्या थांबल्या. “तुला नाही कळायचं. अजून हललेली नाही ना.”

“म्हणून तर मला जायचंय!”

“हो,” मादाम म्हणाल्या. “जायलाच हवं.”

लव्हिनिया बघतच राहिली. ती भांडायच्या तयारीनं आली होती. आता भांडावं कुणाशी?

“म्हणजे... तुमची हरकत नाही?”

“माझी कसली हरकत? आवाज तुझा आहे. चार वर्षं मी तो घासला, पण आवाज तुझा आहे.” मादामनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “तुझे पपा कुठे बसतील?”

“काय?”

“एमॉस. पहिल्या प्रयोगाला. कुठे बसेल तो?”

खालून चांभाराच्या हातोडीचे ठोके ऐकू येत होते. एक, दोन, तीन...

“लव्हिनिया, कागदावर खाली काय लिहिलंय?”

तिनं वाचलं. आवाज एकदम लहान झाला होता.

“सेन्योरा तोलेदो यांच्या... यांच्या सध्याच्या ओळखीच्या कोणीही, नातेवाईक धरून, हंगामात ऑपेरा हाउसकडे येऊ नये. रस्त्यात भेट झाल्यास ओळख दाखवू नये.”

“हं.”

“पपा समजून घेतील!” लव्हिनिया घाईनं म्हणाली. “त्यांना ऑपेराची हौस नवी नाही. पुष्कळ पाहिलेत त्यांनी. मी लहान असताना दर हंगामाला जायचे, इस्त्रीचा कोट घालून. एक वर्ष चुकवलं नाही.”

“पाहिलेत?” मादाम हसल्या. “एमॉस टॉलिव्हरनं कॉनवेलमध्ये एकही ऑपेरा पाहिलेला नाही.”

“असं कसं? मला चांगलं आठवतंय, ते...”

“जात होता. पण पाहिलेला नाही. बस खाली.”

लव्हिनिया बसली.

“पहिल्या प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात,” मादाम म्हणाल्या, “मी सगळ्यात वरच्या बाल्कनीत गेले. आपल्या लोकांना तेवढीच जागा. एकशे बारा पायऱ्या. एकेका खुर्चीवर बसून पाहिलं. कुठून काय दिसतं ते.”

“कशाला?”

“अगदी उजव्या टोकाला एक जाड खांब आहे. त्याच्यामागे सहा रांगा. तिथून रंगमंच दिसतच नाही. खांबच दिसतो. पण मान जराशी वाकडी केली, की डावी विंग दिसते. अगदी आतपर्यंत. दोरखंड, वाळूच्या पिशव्या, सगळं.”

मादामनी डिंकाची बाटली बाजूला सारली.

“मी स्टेज मॅनेजरला सांगितलं, मी डाव्या विंगेत उभी राहून गाणार. आणि डोक्यावर एक दिवा हवा, स्वरलिपी वाचायला. तो म्हणाला, राहा. त्याला काय...”

“तुम्हाला स्वरलिपी लागायची?”

“मला? ती चार मिनिटं मी झोपेतही म्हणाले असते.”

लव्हिनियाच्या हातातला कागद मांडीवर आला.

“रविवारी मी चर्चमध्ये सांगितलं. सोमवारी आपली माणसं तिकिटांना गेली. खिडकीतला कारकून भला होता बिचारा. म्हणाला, या खुर्च्या घेऊ नका, समोर खांब आहे, काही दिसणार नाही. आपली माणसं म्हणाली, चालेल. त्यानं दुसऱ्यालाही तेच सांगितलं. तिसऱ्यालाही. शेवटी तो गप्प बसला. खांबामागच्या चाळीसच्या चाळीस खुर्च्या पहिल्यांदा विकल्या गेल्या. बाकीची बाल्कनी अर्धी रिकामी.”

“अकरा वर्षं?”

“अकरा वर्षं. तीन तास ही माणसं खांबाकडे बघत बसायची. गाणी ऐकायची, पण बघायची खांब. मग शेवटचा अंक. मी दिव्याखाली येऊन उभी राहायची. चाळीस माना वाकड्या व्हायच्या.” त्यांनी आपली मान एका बाजूला कलती करून दाखवली. “...आता त्यांच्यासमोर मी काय घालून जायला हवं होतं? घरातला ॲप्रन?”

लव्हिनियाचीही मान नकळत कलली.

“टाळ्या वाजवायची सोय नव्हती. मध्येच टाळ्या वाजवल्या, तर पुढच्या खेपेला तिकीट मिळालं नसतं. म्हणून माझा शेवटचा स्वर संपला, की ती चाळीस माणसं नुसती उभी राहायची. आवाज न करता. मी त्यांना वाकून नमस्कार करायची. मार्सेयला करायची तसा, पूर्ण गुडघ्यात वाकून. शेजारी दोराशी डोलन नावाचा एक गडी असायचा. पाव खात असायचा. तिसऱ्या वर्षापासून मी विंगेत आले, की तो पाव खिशात ठेवून टोपी काढायला लागला.”

लव्हिनिया एकदम उठून उभी राहिली.

“पाव,” ती म्हणाली. “पाव खाणारा माणूस...”

“काय झालं?”

“पपा मला ऑपेराची गोष्ट सांगायचे, मादाम. मी नऊ-दहा वर्षांची असेन. म्हणायचे, तपकिरी रेशमाचा झगा घातलेली एक राणी असते. तिच्या भोवती सगळीकडे दोर टांगलेले असतात. शेजारी एक माणूस पाव खात असतो. राणी गाते आणि तो खायचा थांबतो. मला वाटायचं, हाच ऑपेरा. पंधरा वर्षांची झाले तेव्हा वाचनालयातून मी त्या ऑपेराचं पुस्तक आणलं. आख्खं वाचलं. त्यात राणी नाही, दोर नाहीत, पाव तर नाहीच. मी पपांना हसले. म्हटलं, पपा, तुम्ही झोपत होता तिथे! पुस्तकात अशी बाईच नाही.”

“मग? काय म्हणाला?”

“म्हणाले... पुस्तकात नसेल. मी पाहिलीय.”



चांभाराची हातोडी थांबली होती. जिन्यातून कातड्याचा वास वर येत होता. लव्हिनियानं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“मी काय करू, मादाम?”

मादाम चिकटवलेलं पान बोटानं चाचपत होत्या. डिंक वाळला होता.

“सांगा ना. तुम्ही म्हणाल तसं करते.”

“सोमवारी चार वाजता तुझी शिकवणी आहे,” मादाम म्हणाल्या. “उशीर करू नकोस.”

शनिवारी सकाळी लव्हिनिया फेल्प्सच्या कचेरीत गेली. त्यानं दौत पुढे सरकवली. तिनं कागदावरचं ‘सेन्योरा लोला तोलेदो’ हे नाव खोडलं आणि वर लिहिलं, ‘लव्हिनिया टॉलिव्हर’. हवाना खोडून ‘बाल्टिमोर’ लिहिलं. खालची अट खोडायला लेखणी टेकवली, तेवढ्यात फेल्प्सनं हलकेच कागद ओढून घेतला.

फेल्प्स माणूस वाईट नव्हता. त्यानं तो खोडलेला कागद दोनदा वाचला.

“पोरी, तुझ्या आवाजाला माझी ना नाही,” तो म्हणाला. “पण हे नाव घेऊन मी तुला त्या दारापर्यंतही नेऊ शकत नाही. तुला कळतंय ना?”

“कळतंय.”

“पुन्हा विचार कर. असं पुन्हा कुणी विचारणार नाही.”

“तेही कळतंय,” लव्हिनिया म्हणाली. टोपी सारखी केली आणि ती निघाली.

घरी एमॉस दारातल्या पायरीवर बूट पुसत बसला होता. पोरीचा चेहरा पाहून त्यानं काही विचारलं नाही. जरासा सरकला, तिला बसायला जागा दिली.

“ते काम होणार नाही, पपा.”

“बरं,” एमॉस म्हणाला.

तिनं त्याचा दुसरा बूट उचलला आणि पुसायला घेतला.

“पपा, राणीचे हातमोजे कोणत्या रंगाचे होते?”

एमॉसला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

“फिकट पिवळे,” तो म्हणाला. “उजव्या हाताचं एक बटण तुटलेलं. सहाव्या वर्षी तिनं ते लावून घेतलं.”

पुढे तीन वर्षांनी लव्हिनिया बोटीत बसून युरोपात गेली. प्रवासासाठी वस्तीतल्या बायकांनी पुन्हा मासे तळले. ब्रसेल्सच्या ज्या थिएटरात मादाम गायल्या होत्या, तिथेच ती नायिका म्हणून उभी राहिली. बाहेरच्या पोस्टरवर तिचं स्वतःचं नाव होतं, आणि पहिल्या रांगेच्या मधल्या खुर्चीत, समोर एकही खांब नसताना, इस्त्रीचा कोट घातलेला एक टपाल कचेरीतला म्हातारा बसला होता. पहिला अंक संपेपर्यंत त्याची मान सवयीनं वाकडीच होती, असं लव्हिनिया नंतर हसत हसत सांगायची.

पण हे सगळं पुढचं. त्या सोमवारी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. त्या सोमवारी फक्त एक दार बंद झालेलं होतं.

लव्हिनिया चारच्या ठोक्याला जिना चढून आली. डोळे सुजलेले. टोपीसुद्धा न काढता उभी राहिली.

“नाही सांगून आले,” ती म्हणाली.

मादामनी मान हलवली.

“मला वाटलं होतं, नाही म्हटल्यावर बरं वाटेल. नाही वाटत, मादाम. काहीच बरं वाटत नाही. दोन रात्री डोळा लागला नाही. इतकी वर्षं घासूनपुसून आवाज तयार केला. आता ऐकणार कोण? या चार भिंती?”

मादाम उठल्या. सावकाश खिडकीपाशी गेल्या. कोळशाची काजळी घरात येते म्हणून ती खिडकी बारा महिने बंद असे, आणि रंगाच्या थरांनी तिची चौकट घट्ट बसली होती. मादामनी तळहातानं चौकटीवर दोनदा मारलं. तिसऱ्यांदा खांदा लावला. खिडकी करकरली आणि वर सरकली.

बाहेर पहिल्या पाळीची माणसं कामावरून परतली होती. घरोघरच्या पांढऱ्या पायऱ्यांवर बसली होती. कुणी वाटाणे सोलत होतं, कुणी पाय चोळत होतं. बर्फवाल्याची गाडी समोरच्या कोपऱ्यावर थांबली होती.

मादाम परत पियानोपाशी येऊन बसल्या. बोटं पट्ट्यांवर ठेवली. सुरुवातीचे स्वर वाजवले आणि थांबल्या.

लव्हिनियानं डोळे पुसले, टोपी काढली आणि नेहमीसारखी पियानोकडे तोंड करून उभी राहिली.

“कुठून सुरू करू, मादाम?”

“तोंड तिकडे कर,” मादाम म्हणाल्या.